विद्यार्थ्यांच्या विरोधाने जंगलातलं बांधकाम खरंच थांबतं का?
थांबतं, पण बऱ्याचदा उशिरा. मुंबईतल्या आरेच्या जंगलाचंच बघा. मेट्रो-३ च्या कारशेडसाठीच्या (म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आणि दुरुस्त करायच्या जागेसाठीच्या) वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ ला फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. मोबाइलवर व्हिडिओ फिरले, पोरं-पोरी तिकडे धावल्या, २९ जणांना अटक झाली. मग कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि ७ तारखेला तोड थांबवली. एक पत्र, बस्स! पण तोवर २,१४१ झाडं गेली होती, आणि एवढं होऊनही कारशेड शेवटी आरेतच झाली.

म्हणून माझं म्हणणं, घोषणांच्या आधी कागद. झाडतोडीची नोटीस लागली की हरकत लेखीच द्या आणि पोच घ्या. तोंडी हरकतीला कोणी विचारत नाही. बिबट्याचे ठसे, घरटी, विष्ठा, जे दिसेल त्याचा तारीख-जागेसह फोटो ठेवा. ठशाशेजारी पट्टी किंवा पेन ठेवलं की आकार कळतो. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, जायला ३० दिवस असतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. परीक्षा संपल्यावर बघू म्हणालात तर मुदत गेलीच समजा.