चुंबकाने मागे टाकलेली धूळ

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. कोपरखैरण्याच्या गच्चीवर लोहचुंबक फिरवून तू जमवलेल्या काळ्या गोळ्यांचे फोटो पाहिले. ‘यातल्या अंतराळातून आलेल्या किती असतील, सर?’ या तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर : बहुधा एकही नाही. रागावू नकोस, गोळ्या फेकून दे असं मी म्हणत नाहीये.

आधी हिशेब करू. अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडलेल्या सूक्ष्म उल्का मोजून २०२१ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध झाला : वर्षाला सुमारे ५,२०० टन असे कण जमिनीपर्यंत पोचतात. आकडा दांडगा वाटतो. पण पृथ्वीच्या क्षेत्रफळाने भागून पाहा, एका चौरस मीटरच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम दहा मायक्रोग्रॅम येतात. आता पीएम१० ची, म्हणजे हवेतल्या दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांची, आपल्याकडची चोवीस तासांची मर्यादा बघ : घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. आकाश तुझ्या गच्चीच्या एका चौरस मीटरवर वर्षभरात जेवढं टाकतं, त्याच्या दहापट धूळ ही मर्यादा गाठलेल्या दिवशी नुसत्या एका घनमीटर हवेत तरंगत असते.

नॉर्वेचा जॅझ वादक योन लार्सेन याने छपरांवरच्या गाळातून खऱ्या सूक्ष्म उल्का वेगळ्या काढल्या. त्यावरचा शोधनिबंध २०१७ मध्ये आला, तोच वाचून तू कामाला लागलीस हे उघड आहे. पण त्याने आधी कितीतरी वर्षं माणसाच्या हातून तयार झालेल्या गोळ्या ओळखण्यात घालवली, ते पान तू भराभर उलटलेलं दिसतंय.

तुझ्या गच्चीवरून पूर्वेला काय दिसतं? रुळांपलीकडे एमआयडीसी आणि तिच्यामागे पारसिकचा डोंगर. चुंबकाला चिकटलेला तुझा सगळा माल या दोन घरचा आणि मधल्या रस्त्या-रुळांवरचा. वेल्डिंग आणि ग्राइंडिंगच्या ठिणग्या हवेतच गोठून सुबक गोळे होतात. कण गोल आहे याचा अर्थ एवढाच की तो कधीतरी वितळला होता. कुणी वितळवला ते आकार सांगत नाही. निकेल सापडलं म्हणून नाचू नकोस. निकेलसोबत भरपूर क्रोमियम असेल तर तो स्टेनलेस स्टीलचा कण समज. टोकदार कणात टायटॅनियम भरपूर असेल तर ते आपल्या काळ्या दगडातलं मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज. खऱ्या सूक्ष्म उल्केत बहुतेकदा ऑलिव्हिन या खनिजाच्या समांतर पट्ट्या दिसतात, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हवा. मोबाइलच्या लेन्सचं ते काम नव्हे.

पण मला खरं सांगायचंय ते दुसरंच. चुंबकाने उचललेल्या मालापेक्षा त्याने मागे टाकलेल्या मालात जास्त जीव आहे. तू तो झाडून टाकलास ना?

२३ जानेवारी २०२२ चा रविवार आठवतो का? मुंबई-ठाण्यात गाड्यांवर पांढरट पूड बसली होती आणि भरदिवसा धुरकट झालं होतं. ती धूळ पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून आली होती. आणि १३ मे २०२४, घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं तो दिवस : तेव्हाही आकाश मातकट झालं, पण वळवाच्या ढगांतून खाली आदळलेल्या वाऱ्याने उडवलेली ती आपलीच धूळ. दोन्ही दिवशी हवेच्या अॅपवरचा आकडा चढलेला दिसतो, पण कुठली धूळ कुठून आली ते त्या आकड्याला कळत नाही. पीएम१० हे नुसतं वजन आहे. त्यात पावसाळ्यातलं समुद्राचं मीठ, डिझेलची काजळी आणि खडीची पूड एकाच तराजूत पडतात.

खनिज मात्र गाव सांगतं. पारसिकचा काळा दगड, बेसाल्ट, म्हणजे प्लॅजिओक्लेज आणि ऑजाइट ही खनिजं आणि थोडं मॅग्नेटाइट. वाळूतलं नेहमीचं खनिज क्वार्ट्झ जवळजवळ नाहीच, सापडलंच तर पोकळ्यांत भरलेल्या गारगोटीत. वाळवंटी धुळीत मात्र क्वार्ट्झ, कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) आणि इलाइटसारखी चिकणमातीची खनिजं भरपूर. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी खनिजं ओळखायची चाचणी, तिच्या आलेखात २६.६ अंशांपाशी क्वार्ट्झची रेघ वर येते, प्लॅजिओक्लेजची २८ च्या आसपास. आता चुंबकाला क्वार्ट्झही लागत नाही आणि कॅल्साइटही नाही, म्हणजे समुद्रापलीकडून आलेला पाहुणा तू केरसुणीने बाहेर काढलास!

हेही वाटतं तितकं सोपं नाही. बांधकामाची बाहेरून आणलेली रेती क्वार्ट्झ घेऊन येते आणि सिमेंट-काँक्रीटच्या पुडीत कॅल्साइट असतं. शिवाय क्वार्ट्झची रेघ मुळातच उंच उठते, तिच्या उंचीवरून प्रमाण ठरवलंस तर फसशील. म्हणून तुलनेचे नमुने आधी गोळा कर : तुर्भ्याकडच्या जुन्या दगडखाणीच्या पायथ्याची पूड, एखाद्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यासमोरची, आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटबाहेरच्या रस्त्यावरची आणि उलव्याची, जिथे विमानतळासाठी डोंगरच कापला. हे काम कंटाळवाणं आहे आणि इन्स्टाग्रामवर त्याला कुणी विचारणार नाही. पण ते नसेल तर गच्चीवरच्या धुळीबद्दल तू जे बोलशील त्याला आधार राहणार नाही.

स्थानिक धूळ तुला कमीपणाची वाटते, हे तुझ्या पत्रात ओळीओळीत जाणवलं. चंद्रावरचे काळे डाग बेसाल्टचेच आहेत, प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन (ऑजाइट याच गटातलं) तिथेही आहेत. लोणारचं विवर बेसाल्टमध्ये झालेलं आहे, म्हणून मंगळ-चंद्राचे अभ्यासक तिथे येतात. नासाने जुलै २०२२ मध्ये अंतराळस्थानकावर ‘एमिट’ नावाचं उपकरण पाठवलं, ते पृथ्वीवरच्या वाळवंटांतल्या धुळीची खनिजं ओळखण्यासाठीच, कारण लोहयुक्त तांबडी धूळ ऊन शोषते आणि फिकी धूळ ते परतवते. संशोधक व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की अरबी समुद्रावर आणि पश्चिम आशियावर धूळ वाढली की आठवड्याभरात मध्य भारतातला पाऊस वाढतो. ती धूळ इथे उतरते तेव्हा तिच्यात काय असतं, हा प्रश्न तुझ्या गच्चीवर बसून विचारता येतो.

दोन गोष्टी काळजीच्या. कोरडी धूळ झाडू नकोस, ओल्या ब्रशने गोळा कर आणि एन९५ मास्क लाव. खडीची पूड आणि क्वार्ट्झ फुप्फुसाला सोडत नाहीत. एमआयडीसीतल्या शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर तिथला नमुना घेऊच नकोस, त्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असू शकतं.

सप्टेंबरात गच्ची धुऊन निघाली की धूळ पडायला उघड्या ताटल्या ठेवून सुरुवात कर. ऑक्टोबरपासून वारा जमिनीकडून यायला लागतो, तेव्हा दर पंधरवड्याला एक ताटली उचल, तारखेसह वाऱ्याची दिशाही लिही. जास्त धुळीच्या दिवशी हिस्प्लिट या संगणकीय मॉडेलवर हवेचा मागचा प्रवास काढून ठेव, ते फुकट आहे. चुंबकाची आवड सोडू नकोस. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत गाळ आणि मातीच्या चुंबकीय गुणधर्मांवर काम चालतं. तुझ्या गोळ्यांचं खरं गिऱ्हाईक तिथे भेटेल, फक्त जाताना खाणीची पूडही सोबत ने.

पहिले आलेख आले की मला पाठव. अर्थ लावून नको, नुसते आलेख आणि कोणती ताटली कधी ठेवली होती ते.

तुझे सर,
नौपाडा, ठाणे