रक्त येतंय म्हणून ब्रश थांबवू नका

ब्रश करताना रक्त दिसलं की बहुतेक जण ती जागा टाळायला लागतात. नेमकं उलट करायचं. हिरडीच्या कडेला साचलेल्या चिकट थरामुळे ती सुजते, म्हणून रक्त येतं. मऊ ब्रश घ्या, हिरडीशी ४५ अंशांत तिरका धरा आणि जागच्या जागी हलकेच हलवा. खसाखसा घासू नका, त्याने दाताचं मूळ उघडं पडतं आणि मग गार पाणीसुद्धा झोंबतं. दोन मिनिटं, दोन वेळा. एकच वेळ जमणार असेल तर रात्रीची. झोपेत लाळ कमी सुटते आणि कीड लागायला रान मोकळं मिळतं. पेस्ट फ्लोराइडची, वाटाण्याएवढी. शेवटी थुंका, पण खळखळून चूळ भरू नका, फ्लोराइड दातांवर राहू द्या. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे फ्लॉस, म्हणजे फटीतून फिरवायचा बारीक दोरा, किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश हवा.

दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही तर डॉक्टरकडे जा. त्या चिकट थराचं कडक झालेलं कीटण ब्रशने निघत नाही, ते काढूनच घ्यावं लागतं. ‘साफ केल्याने दात हलतात’ हे ऐकाल, सोडून द्या. कीटणाखाली हिरडी आधीच सुटलेली असते, साफ केल्यावर ते कळतं इतकंच.

आणि हो, गारगरम लागून क्षणात थांबणारी कळ वेगळी. मिनिटभर ठणकत राहिली किंवा रात्री झोपेतून उठवू लागली तर कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली असण्याची शक्यता असते. तेव्हा गोळ्या खाऊन दिवस ढकलू नका.