वाळवंटातलं कॉलेज: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

अमेरिकेतल्या शिक्षणाविषयी या वेळी आलेले बरेच प्रश्न एकाच कॉलेजाभोवती फिरणारे आहेत. ते म्हणजे कॅलिफोर्नियातलं सेरो कोसो कम्युनिटी कॉलेज. कम्युनिटी कॉलेज म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं आणि कामधंद्याचे अभ्यासक्रम शिकवणारं स्थानिक सार्वजनिक कॉलेज. मोहावे वाळवंटाच्या कडेला, रिजक्रेस्ट या जेमतेम २८ हजार वस्तीच्या गावात त्याचं मुख्य आवार आहे. गावाला लागूनच चायना लेक हा नौदलाचा शस्त्रचाचणी तळ आहे आणि दक्षिणेला एडवर्ड्‌स हवाई तळ. मला हे कॉलेज फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे.

प्रश्न : जावई चायना लेकला इंजिनिअर आहेत. नात बारावीनंतर मोठ्या विद्यापीठात न जाता दोन वर्षं गावातल्या कम्युनिटी कॉलेजात शिकायचं म्हणते आहे. तिथे प्रवेशपरीक्षाही नाही म्हणे. मुलगी हुशार आहे, तिचं नुकसान तर होणार नाही ना? (एक आजी, पुणे)

आजी, तुमची काळजी समजते. आपल्याकडे ‘मेरिटवर प्रवेश’ नसला की कॉलेज कमी दर्जाचं असं आपण धरून चालतो. कॅलिफोर्नियाची व्यवस्था वेगळ्या विचारावर उभी आहे. तिथल्या ११६ सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांचं दार हायस्कूल पूर्ण केलेल्या किंवा अठरा वर्षं झालेल्या सगळ्यांना उघडं असतं. पारख प्रवेशाच्या वेळी होत नाही, पुढे प्रत्येक विषयात होते. पहिल्या दोन वर्षांचे साधारण ६० युनिट (आपल्याकडच्या क्रेडिटसारखं अभ्यासाचं मोजमाप) इथे करायचे आणि मग राज्याच्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. हा आडमार्ग नव्हे, सरकारनेच आखून दिलेला रस्ता आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा शाखा तर ठरावीक विषय आणि गुण पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची लेखी हमी देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत. तिथेही अशी मुलं जातात, पण हमीशिवाय.

खर्चाचं सांगायचं तर राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर फी आहे, म्हणजे दोन वर्षांचे २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ खर्च वेगळा. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांची फी दोन वर्षांपर्यंत माफ करण्याची सोयही राज्याने कॉलेजांना दिली आहे. तिथे याची चौकशी जरूर करा. नात घरी राहून शिकणार असेल तर वसतिगृहाचा खर्चही वाचतो, आणि अमेरिकेत तो फीपेक्षा जड असतो.

एका बाबतीत मात्र तिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायला हवं. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर कॅल्क्युलस, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांची साखळी असते. लहान कॉलेजात प्रत्येक विषय प्रत्येक सत्रात शिकवतीलच असं नाही. एक कडी निसटली की अख्खं वर्ष पुढे ढकललं जातं. म्हणून पहिल्याच आठवड्यात समुपदेशकाबरोबर बसून चारही सत्रांचा आराखडा करावा. इथला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरला जातो हे ‘असिस्ट’ या राज्याच्या संकेतस्थळावर दिसतं, तेही स्वतः तपासावं. एवढं सांभाळलं तर नुकसान होणार नाही. उलट दोनशे जणांच्या सभागृहात मागे बसण्यापेक्षा लहान वर्गात, नाव ओळखणाऱ्या प्राध्यापकाकडे ती गणित शिकेल. तिला जाऊ द्या.

प्रश्न : माझे पती बिशप इथे डॉक्टर आहेत, मी एच-४ (नोकरदाराच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) व्हिसावर आले. माझं बी.कॉम. झालंय. इथून रिजक्रेस्ट दोनशे किलोमीटर! रोज कशी जाऊ? आणि या व्हिसावर शिकता येतं का? (एक वाचक, बिशप, कॅलिफोर्निया)

शिकता येतं. एच-४ वर पूर्णवेळ किंवा अर्धवेळ, दोन्ही चालतं, वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही. फीचं मात्र नीट समजून घ्या. कॅलिफोर्नियात कायम राहण्याच्या इराद्याने येऊन एक वर्ष आणि एक दिवस झाला असेल, आणि तसे पुरावे (भाडेकरार, वाहन परवाना, कराची कागदपत्रं) असतील, तर एच-४ धारकालाही रहिवाशाची फी लागू होऊ शकते. त्याआधी प्रवेश घेतलात तर ती कितीतरी पट होते. तारीख सत्राच्या पहिल्या दिवसाच्या आधीपर्यंत मोजतात. दोनचार महिनेच कमी पडत असतील तर एक सत्र थांबा.

अंतराचा प्रश्न तर या कॉलेजाच्या जन्मापासूनचा आहे. त्याच्याकडे सुमारे १८ हजार चौरस मैलांचा मुलूख आहे, म्हणजे गोव्याच्या बारापटीहून मोठा. राज्यातल्या कुठल्याच कम्युनिटी कॉलेजाचं क्षेत्र एवढं पसरलेलं नाही. एका टोकाला एडवर्ड्‌सचं वाळवंट, दुसऱ्या टोकाला मॅमथ लेक्सचा बर्फ, आणि मधली गावं महामार्ग ३९५ वर तासातासाच्या अंतरावर. म्हणूनच १९९० च्या दशकाच्या अखेरीस, इंटरनेटवरचं शिक्षण बहुतेकांना नवलाचं वाटत होतं तेव्हा, या कॉलेजाने ऑनलाइन वर्ग सुरू केले. महासाथीत घाईघाईने उभी केलेली सोय नाही ती. तुमच्या बिशपमध्येही त्यांचं केंद्र आहे. आधी तिथे जाऊन भेटा. वाणिज्याचे विषय ऑनलाइन सहज होतील. भारतातल्या पदवीचं अधिकृत मूल्यांकन करून घ्या, झालेले काही विषय कदाचित पुन्हा करावे लागणार नाहीत.

प्रश्न : तिथून वेल्डिंग किंवा संगणक शिकलं तर नौदलाच्या तळावर नोकरी लागेल का? मी भारतीय नागरिक आहे. (एक वाचक, ठाणे)

नाही. तिथल्या सरकारी नोकऱ्यांना अमेरिकी नागरिकत्व लागतं. कोणी पैसे घेऊन याचं आश्वासन देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा.

प्रश्न : मी अहिल्यानगरला शिक्षक आहे. आमच्याकडेही कोरडा भाग आणि लष्कराचं मोठं ठाणं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ असताना कम्युनिटी कॉलेजात वेगळं काय असतं?

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून जे काम केलं त्याबद्दल मला आदर आहे. नोकरी-शेती सांभाळून पदवी घेतलेली किती माणसं आपल्या ओळखीत असतात! पण त्याची अभ्यासकेंद्रं बहुधा दुसऱ्याच्या कॉलेजात चालतात आणि अभ्यासक्रम नाशिकला ठरतो. सेरो कोसो १९७३ साली स्वतंत्र कॉलेज झालं. ते ज्या केर्न जिल्ह्याच्या कम्युनिटी कॉलेज मंडळाखाली येतं, त्याचे विश्वस्त स्थानिक मतदार निवडून देतात. पैसा राज्याकडून आणि स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे गावाला काय हवं हे कॉलेजाला विचारावंच लागतं. दवाखान्यांना परिचारिका हव्यात म्हणून व्होकेशनल नर्सिंग, कारागीर हवेत म्हणून वेल्डिंग, तरुण कुटुंबं आहेत म्हणून बालविकास. विद्यापीठात जाणारी मुलगी आणि वेल्डिंगचं प्रमाणपत्र घेणारा चाळिशीतला माणूस एकाच आवारात शिकतात, आणि कोणी कोणापेक्षा खालच्या पायरीवर नसतो. तेहाचापीच्या राज्य तुरुंगातही या कॉलेजाचे प्राध्यापक प्रत्यक्ष जाऊन शिकवतात. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये कायदा बदलून अशा वर्गांना नेहमीचं अनुदान दिलं, त्यानंतर हे काम राज्यभर वाढलं.

तुमच्या भागात सैनिकांच्या बदल्या होतात, मुलांची शाळा-कॉलेजं तुटतात. तिथेही हेच होतं. तळावर नेमणूक झालेल्या सैनिकाला आणि त्याच्या कुटुंबाला राज्यात वर्षभर राहण्याची अट न घालता रहिवाशाची फी लागते. असा नियम आपल्याकडे प्रत्येक राज्यात व्हावा असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : माझा भाचा एडवर्ड्‌सला हवाई दलात साध्या हुद्द्यावर आहे. दीड वर्षाने बाहेर पडेल. ‘जीआय बिल’वर (सैनिकांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर) सगळं ऑनलाइन शिकेन म्हणतो. बरोबर आहे का? (एक मामा, नागपूर)

त्याला लगेच फोन करा. २००१ नंतर सेवेत असलेल्यांसाठीच्या जीआय बिलात पूर्ण हक्क असला तर ३६ महिन्यांचं शिक्षण मिळतं. त्यात खर्च होतात ते महिने. ४६ डॉलरच्या युनिटसाठी वापरा की महागड्या विद्यापीठासाठी, महिना महिनाच कापला जातो. दुसरं, घरभाड्याचा भत्ता. सगळे विषय ऑनलाइन घेतले तर तो राष्ट्रीय सरासरीच्या निम्म्यावर येतो. पदवीला आवश्यक असलेला एक तरी विषय वर्गात बसून घेतला आणि एकूण अभ्यास अर्धवेळेपेक्षा जास्त असला, तर भत्ता कॉलेजाच्या ठिकाणानुसार मिळतो.

पण त्याने आत्ताच सुरुवात करावी. सेवेत असताना ‘ट्युशन असिस्टन्स’मधून एका सेमिस्टर युनिटला २५० डॉलरपर्यंत, वर्षाला ४,५०० डॉलरपर्यंत मदत मिळते. या कॉलेजाची फी त्यात आरामात बसते आणि जीआय बिलाचे महिने पुढच्या विद्यापीठासाठी शिल्लक राहतात. शिवाय हवाई दलातलं त्याचं प्रशिक्षण दलाच्याच कम्युनिटी कॉलेजाकडे युनिटच्या रूपात नोंदलेलं असेल. ती गुणपत्रिका त्याने सेरो कोसोच्या समुपदेशकाला पाठवावी, काही विषय सुटू शकतात. मदतीचा अर्ज वर्ग सुरू होण्याआधी मंजूर झालेला असावा लागतो. नंतर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो, तेव्हा त्याने या आठवड्यातच तळावरच्या शिक्षण कार्यालयात जावं.