मुकुटाआधी पासपोर्ट बघा

प्रश्न : आमची लेक १९ वर्षांची, जन्म न्यू जर्सीचा. डिसेंबरात पार्ल्याला आजोळी जातेय. स्तनाच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी मामेभावंडांबरोबर तिथे सौंदर्यस्पर्धा भरवायची म्हणते. इथल्या मैत्रिणींकडूनही पैसे जमवणार. माझी आई म्हणते, ‘दुखण्याचा कसला तमाशा मांडता?’ काय करावं?

उत्तर : आजींचं नंतर बघू, आधी पैशाचं. लेकीचा पासपोर्ट अमेरिकेचा असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असूनही एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या लेखी ती परदेशी देणगीदार. तिचे नि मैत्रिणींचे डॉलर मामेभावाच्या खात्यात मागवून पुढे संशोधन करणाऱ्या संस्थेला द्यायचे, असला उद्योग करू नका. ही रक्कम एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्थाच घेऊ शकते, तीही स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यात. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर स्वतःच्या बचतीतून तुम्ही बँकेमार्फत पाठवलेले पैसे मात्र परकीय देणगीत धरत नाहीत. एकाच घरात दोन नियम!

मुंबईत विकलेल्या तिकिटांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा. हॉलचं भाडं, माइक, दिवे कोणाच्या खिशातून, हे आधी ठरवा. नाहीतर तिकिटांचे पैसे तिथेच जिरतात. आणि देणगी संशोधनालाच जाईल, हे संस्थेकडून लेखी घ्या.

आजींचं म्हणणं मला निम्मं पटतं. उंची, कंबर, गोरेपणा यांचे गुण देणार असाल, तर कॅन्सरचं नाव त्यात ओढू नका. त्यापेक्षा प्रश्नोत्तरांच्या फेरीला वजन द्या. परळच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाखावर बायकांना घेऊन एक अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तन तपासायच्या, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नाही. पन्नाशीपुढच्या बायकांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. हे मराठीत, न अडखळता, समोरच्या मावश्यांना समजेल असं जी सांगेल तिला द्या मुकुट.

आजारातून उठलेल्या कुणाला नऊवारी नेसून रंगमंचावर यायचं असेल तर जरूर यावं, पण मुलांनी गळ घालू नये. फोटो टाकण्याआधीही तिला पुन्हा विचारा. मुलींच्या सोयरिकीत आडवं येईल या धास्तीने हे दुखणं लपवणारी घरं अजून आहेत.

डिसेंबर म्हणजे लग्नसराई. हॉलसाठी मामांना आजच फोन करा.