बुखारी लाकडाची की कोळशाची?

प्रश्न : काटोलजवळ आमची संत्र्याची बाग आहे. हिवाळ्यात सासरे तिथल्या कौलारू घरात मुक्कामाला असतात. मनालीला पाहिली तशी लोखंडी बुखारी, म्हणजे खोली उबवणारी धुराच्या पाइपाची शेगडी, इतवारीच्या लोहाओळीतून बनवून घ्यायचं चाललंय. सासरे म्हणतात, कोळशाचीच घ्या, रात्रभर धग राहते. इकडे बागेत वाळलेल्या झाडांचं लाकूड पडून आहे. काय करावं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, कोळशाची धग टिकते हे खरंच. पण कोणता कोळसा, ते पाहा. माझी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर झाली. आपल्या उमरेड-कामठीकडचा दगडी कोळसा म्हणजे राखच फार. पाच किलो जाळा, दीडेक किलो राख उपसा. बॉयलरमध्ये तो आधी टाल्कम पावडरइतका बारीक दळतात, पंख्यांनी हवा कोंबतात, तेव्हा कुठे पुरता जळतो. त्याची ढेकळं बुखारीत टाकली की पाइपात काजळी धरते आणि घरभर गंधकाचा वास. लाकडाची राख मूठभर, तीही बागेत टाकता येते.

उष्णता म्हणाल तर असा कोळसा किलोला साडेचार-पाच हजार किलोकॅलरी देतो, कोरडं लाकूड साडेतीन हजारांच्या आसपास. तेवढ्यासाठी कोळसा विकत आणायचा आणि घरचं सरपण वाळवीला घालायचं, हे मला तरी पटत नाही.

शिवाय आपली थंडी ती केवढी! डिसेंबर २०१८मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, पण ती रात्र अपवादाची. एरवी पहाटे दहाच्या आसपास असतो आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. तुम्हाला हवी संध्याकाळची तीन-चार तासांची ऊब. लाकूड चटकन पेट घेतं. कोळसा रसरसेपर्यंत जेवणं उरकतात. बारा बाय चौदाच्या खोलीला तासाला किलो-दीड किलो लाकूड पुरतं.

रात्रभराच्या धगीचीच मला जास्त धास्ती वाटते. जुनी माणसं सिगडी अंगणात पेटवत आणि धूर सरला, निखारे लाल झाले की खोलीत आणत. धूर नाही म्हणजे आता भीती नाही, अशी समजूत. पण लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतच असतो. त्याला ना रंग ना वास, झोपलेल्या माणसाला पत्ताही लागत नाही. लाकडाचे निखारेही त्याला अपवाद नाहीत. तेव्हा सासऱ्यांना सांगा : झोपायच्या दोन तास आधी शेवटचं लाकूड, मग दोन रजया, आणि खिडकीची फट उघडीच.

संत्र्याचं लाकूड घट्ट असतं, छान जळतं. मात्र ओलं नको. ओल्या लाकडाची बरीच आच पाणी उडवण्यातच जाते आणि पाइपात डांबरासारखा चिकटा बसतो. तोच पुढे पेटतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये फोडून विटांवर रचा. मे महिन्यातलं आपलं ऊन फुकट कामाला येतं. पावसाआधी वरून पत्रा टाका, बाजू मोकळ्या राहू द्या. दिवाळीनंतर दोन फोडी एकमेकींवर आपटून पाहा : टणटणीत वाजल्या तर घ्या, बदबद आवाज आला तर राहू द्या. रंग दिलेलं फर्निचर आणि प्लायवूड बुखारीत अजिबात घालू नका.

आता लोहाओळीत काय सांगायचं ते. कोळशाला हवा खालून, जाळीतून लागते. लाकूड राखेच्या थरावर जळतं आणि त्याला हवा वरच्या अंगाने, दारातून हवी. ‘दोन्ही चालेल अशी बनवून देतो’ म्हणणारा हमखास भेटेल. त्याच्या नादी लागू नका. पाइप पाच-सहा इंची, आढ्याच्या दोन-तीन फूट वर काढलेला. कौलांतून जातो तिथे पत्र्याचा चौकोन बसवून घ्या आणि सागाच्या वाशापासून पाइप दीड फूट तरी लांब ठेवा.