आईंना आधी फोन कापायला शिकवा

तुम्ही लिहिलंय की आई नेरूळला एकट्या राहतात, दिवसाला चार-पाच अनोळखी फोन येतात आणि परवा एकाने "महावितरणमधून बोलतोय, बिल अपडेट नाही, रात्री साडेनऊला लाईट कापणार" असं सांगून त्यांना घाबरवलं. असे फोन आधीच ओळखणारं एखादं अ‍ॅप टाकून दिलं तर पुरेल का, हा तुमचा प्रश्न.

मी वाशीत एका बँकेच्या शाखेत एकवीस वर्षं काऊंटरला होते, आता निवृत्त होऊन ठाण्यात नौपाड्याला राहते. अ‍ॅप टाका, त्याने नुकसान काही नाही, पण त्यावर विसंबू नका. अशा अ‍ॅपवर दिसणारं नाव बहुतेक वेळा लोकांनीच नोंदवलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीला पोलिसांचं बोधचिन्ह लावायला दोन मिनिटंही लागत नाहीत. परदेशातून केलेला फोन इथल्याच नंबरवरून आल्यासारखा दाखवता येतो. म्हणून कोण बोलतंय ते ओळखत बसू नये, तो काय करायला सांगतोय तेवढं ऐकावं. पैसे, ओटीपी, पिन, लिंक, अ‍ॅप, "कुणाला सांगू नका", यातलं काहीही आलं की फोन कापायचा. खरंच काम असेल तर पासबुकावरचा किंवा बिलावरचा नंबर आपण स्वतः लावायचा.

आपल्या आयांना नेमकं हेच जड जातं. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं त्यांना उद्धटपणा वाटतो. "अहो, तो इतकं अदबीने बोलत होता, मध्येच कसा ठेवू?" हे वाक्य मी काऊंटरवर किती जणींकडून ऐकलं असेल! जन्मभर जपलेली रीत आहे ती, आणि हे लोक तिचाच फायदा घेतात.

एक प्रसंग सांगते. कोपरखैरण्याच्या एक निवृत्त शिक्षिका, आमच्या जुन्या खातेदार. नेहमी आल्या की माझी चौकशी करायच्या. त्या दिवशी आल्या आणि न बसताच दोन्ही एफडी मोडायच्या म्हणाल्या. कशाला, विचारलं तर "भाचीचं लग्न आहे" असं पाठ केल्यासारखं उत्तर. पर्सची चेन अर्धी उघडी होती आणि त्या सारख्या तिकडे बघत होत्या. मी स्लिपच्या मागे लिहिलं, "फोन चालू आहे का?" त्यांनी नुसती मान हलवली आणि डोळ्यांत पाणी आलं. मॅनेजरांच्या केबिनमध्ये नेऊन फोन कापला, तर त्या थरथर कापायला लागल्या. "आता मला न्यायला येतील," म्हणाल्या. दोन दिवस त्या बाई व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट"मध्ये होत्या, म्हणजे पोलीस असल्याचं सांगणाऱ्या भामट्यांनी अटकेची भीती घालून त्यांना कॉलवर अडकवून ठेवलं होतं. नावाने पार्सल सापडलंय, त्यात ड्रग्ज आहेत, आधार वापरलंय, लेकीला सांगितलंत तर तिलाही अटक होईल, असं सगळं. भाचीच्या लग्नाचं उत्तरही त्या भामट्यांनीच शिकवलेलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई होती ती, भोळी नव्हे. तिला दोन दिवस फोन ठेवू दिला नाही, म्हणून दुसऱ्या कुणाचं बोलणं तिच्या कानावर पडलंच नाही. फोन कापल्यावर तासाभरात त्या स्वतःच म्हणाल्या, "असं कधी असतं का!"

आईंना हे स्पष्ट सांगा की आपल्या कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात"मध्येही हेच सांगितलं होतं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि तपासणीसाठी पैसे कुठल्या खात्यात भरायलाही सांगत नाहीत. उलट बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत फार कडक अटी आहेत: अपवादात्मक कारण हवं, महिला अधिकारी हवी आणि दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी हवी.

आता लाईटचं. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. "आज रात्री साडेनऊ" असं नसतंच. शंका आली तर १९१२ या वीज ग्राहकांच्या मदत क्रमांकाला फोन करून विचारावं. या फोनची पुढची पायरी ठरलेली असते: "फक्त दहा रुपये भरा, मी फाईल पाठवतो." ती एपीके फाईल असते, म्हणजे उघडली की मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी. लग्नपत्रिका म्हणून येते, वाहनाचं चलन म्हणून येते, बिल म्हणूनही येते. एकदा बसली की मोबाईलवर येणारे मेसेज ती वाचू शकते, म्हणजे ओटीपी परस्पर समोरच्याकडे जातो. "मी ओटीपी कुणालाच दिला नाही" असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. स्क्रीन शेअर करायला लावणाऱ्या अ‍ॅपचंही असंच आहे. आईंच्या फोनमध्ये प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची परवानगी बंद करून ठेवा, हे तुम्हीच करा.

यूपीआयचं एकच लक्षात ठेवू द्या, पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. बँकांच्या सेवेच्या फोनसाठी आता १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवलेत. बँकेतून बोलतोय म्हणणारा साध्या दहा आकडी मोबाईलवरून बोलत असेल तर पुढे ऐकूच नये.

आणि पैसे गेलेच, तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरला फोन, मग बँकेला. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवले जातात. ते काढून घेण्याआधी कळवलं तर वाटेतल्या खात्यात अडवता येतात. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, मेसेज पुसू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे स्वतः ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे एकेक तास महाग पडतो.

इथे तुमच्याशी थोडं कडक बोलते, राग मानू नका. आमच्याकडे उशिरा आलेल्या बायकांमध्ये कितीतरी जणी "मुलगा ओरडेल" म्हणून दोन-दोन दिवस गप्प राहिलेल्या होत्या. तेवढ्यात पैसे हाताबाहेर जातात. "तुला इतकंही कळत नाही का" हे वाक्य घरात पुन्हा कधी उच्चारू नका. काहीही झालं तरी आधी मला फोन कर, मी एक शब्द बोलणार नाही, असं त्यांना आत्ताच सांगा आणि तसंच वागा.

रविवारी नेरूळला जाल तेव्हा टीव्हीशेजारी एक कागद चिकटवा. मोठ्या अक्षरांत १९३०, १९१२, पासबुकावरचा शाखेचा नंबर आणि तुमचा. मग मित्राच्या फोनवरून आतल्या खोलीतून त्यांना फोन करा, केवायसीचं काहीतरी सांगा आणि त्यांना मध्येच कापू द्या. त्या शिक्षिकाबाईंच्या लेकीला मी हेच करायला सांगितलं होतं. पहिल्या वेळी बाईंनी "बरं, ठेवते हं" म्हणून निरोप घेतला. चौथ्या वेळी नुसतं लाल बटण दाबलं.