झाकणाखालचा पाऊण तास

प्रिय मुली,

घरपोच डब्यांच्या धंद्यासाठी तू लिहिलेला शरद ऋतूचा मेन्यू आल्या आल्या वाचला, रात्री परत वाचला. २२ पदार्थ, त्यातल्या ९ नावांत भोपळा, आणि खाली तुझा प्रश्न: "डोक्यात नुसता गोंधळ झालाय, यात शरद दिसतो का?" दिसतो की. नावांत भरपूर दिसतो. डब्यात दिसेल का, ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस. गोंधळ तिथेच आहे.

तुझ्या हाताच्या चवीबद्दल मला काही सांगायचं नाही. मला बोलायचंय ते पदार्थ तुझ्या हातातून सुटल्यानंतरच्या वेळेबद्दल. झाकण लागल्यापासून गिऱ्हाईक ते उघडेपर्यंत पाऊण तास जातो असं धरून चाल. त्या पाऊण तासात पदार्थ शिजतच असतो, फक्त तू तिथे नसतेस. वाफ वर जाते, झाकणाला पाणी धरतं, ते परत खाली गळतं. हॉटेलातलं ताट दोन मिनिटांत टेबलावर जातं, म्हणून तिथला मेन्यू बघून आपला मेन्यू लिहिता येत नाही. पाऊण तासानंतर जे उरतं, तेच आपण विकतो. तुझी यादी हातात घे आणि प्रत्येक नावापुढे हा एकच प्रश्न लिही: पाऊण तासाने काय?

तुझा "खरपूस भाजलेला फ्लॉवर" घे. ओव्हनमधून निघाला तेव्हा कडा तपकिरी, कुरकुरीत. तसाच वाफाळता डब्यात भर, झाकण लाव, पाऊण तासाने उघड. आधी वास येईल. कोबी-फ्लॉवर जितके जास्त वेळ शिजतात तितका त्यांचा गंधकाचा वास वाढतो, आणि बंद डब्यातून तो जाणार कुठे? मग बोटाने कड दाबून बघ. मऊ, ओली. तळाशी चमचाभर पाणी साचलेलं. आता दुसरा घाणा काढ. तो ट्रेमध्ये पसरून थोडी वाफ जाऊ दे, झाकणाला भोकं असलेला डबा घे, तळाशी शिजवलेल्या मसुराचा थर दे, म्हणजे सुटलेलं पाणी मसूर पिऊन घेईल. कुरकुरीतपणा हवाच असेल तर भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची पुडी वेगळी दे. परत पाऊण तास थांब. मग मला सांग, यातला कुठला डबा तू स्वतः पैसे देऊन घेशील.

अगं, शरद तर आपल्या धंद्याला धार्जिणा ऋतू आहे. दिवस आखूड होतात, लोकांना गरम, दाट, पोटभरीचं हवंसं वाटतं, आणि नेमकी याच वेळी येणारी भोपळा, रताळं, गाजर, बीट ही मंडळी झाकणाखाली टिकतात. स्ट्यू तर पाऊण तासाने जास्त मुरलेला लागतो. तरीही प्रत्येकाची खोड वेगळी. पिठूळ सूप निवताना आळतं, म्हणून भरताना ते तुला हवं त्यापेक्षा थोडं पातळच असू दे. पास्ता रस्सा पीत राहतो, तर तो किंचित कच्चटच उतरव. हिरव्या पाल्यावर लिंबू किंवा व्हिनेगर आधीच घातलंस तर आंबटपणा आणि उष्णतेने त्यातलं हरितद्रव्य बदलतं आणि पाला मळकट शेवाळी होतो. ड्रेसिंग वेगळ्या डबीत जाऊ दे. हे सगळं पाऊण तासाचंच गणित आहे.

मालाबद्दल थोडं. भोपळा ताजा म्हणजे चांगला, असं समजू नकोस. पिकलेला, कडक सालीचा भोपळा काढल्यावर काही आठवडे कोरड्या, हवेशीर जागी १० ते १३ अंशांवर राहिला की त्यातल्या पिठाची साखर होत जाते. अख्खा भोपळा फ्रिजमध्ये कोंबू नकोस, तिथे तो खराब होतो. रताळ्यालाही फ्रिज सोसत नाही. ते सावकाश भाज, कारण पिठाची साखर करणारं त्यातलं द्रव्य मधल्या तापमानाला काम करतं आणि घाईच्या आचेवर त्याला वेळच मिळत नाही. सफरचंदाच्या पेटीशेजारी गाजरं ठेवू नकोस, सफरचंदातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने ती कडवट होतात. आणि भोपळ्याचा भाव धरताना साल, बिया, देठ काढून किती उरतो ते स्वतः तोल. पुस्तकातला आकडा तुझ्या भोपळ्याला लागू पडेलच असं नाही.

२२ पदार्थ कशाला? ८ कर. तेवढे तुला पाऊण तासाने स्वतः खाऊन बघता येतील, २२ येणार नाहीत. एकच भाजलेला भोपळा सूपमध्ये, धान्याच्या बाउलमध्ये आणि पाईच्या सारणात जाऊ दे, म्हणजे फेकायला काही उरणार नाही. त्या आठातल्या दोन जागा बदलत्या ठेव. ऋतूच्या सुरुवातीला उशिराचे टोमॅटो, मका, ढोबळी मिरची मिळतात. शेवटी कंद आणि कोबी राहतात, आणि थंडी खाल्लेली गाजरं तर गोड झालेली असतात. एकच छापील मेन्यू ऋतूभर ताणलास की माल संपतो आणि नाव तेवढं शिल्लक राहतं.

माझ्याकडे एक आचारी होता, फार गुणी. त्याला शरदाच्या मेन्यूत कुरकुरीत तळलेले मशरूम हवे होते. कढईतून काढलेले ते मशरूम मी आजही विसरलेले नाही. पाऊण तासाने उघडलेला डबाही विसरलेले नाही: आवरण सुटलेलं, कागद तेलाने पारदर्शक झालेला. मी नाही म्हटलं. तो चिडला, पुढे सोडून गेला. त्याच्यासारखा हात मला परत मिळाला नाही आणि त्याची हळहळ अजून आहे. लोकांनी ऐकवलं की एका पदार्थापायी माणूस घालवलास, इतका हट्ट कशाला. पण तो डबा ज्याच्या दारात जाणार होता, त्याने कढईतला मशरूम कधीच पाहिला नसता. त्याच्यापुढे तेवढा तो ओला कागद आला असता. त्याचे पैसे मी घ्यायचे? मी घेतले नाहीत, आजही घेणार नाही, आणि तूही घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

आता एक गोष्ट रागावून सांगते. तू लिहिलंयस, "सूप आदल्या रात्री करून पातेल्यातच ठेवीन." अजिबात नाही! ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. मोठ्या पातेल्यातलं दाट सूप वरून गार लागतं आणि मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतं. उथळ ट्रेमध्ये दोनेक इंचांचा थर कर. ६० वरून २१ अंशांवर २ तासांत आलं पाहिजे, तिथून ५ वर पुढच्या ४ तासांत. दुसऱ्या दिवशी पार ७४ अंशांपर्यंत गरम कर आणि डबा पोचेपर्यंत ६० च्या खाली जाऊ देऊ नकोस. भाताचंही तेच, कारण बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याचं कवचातलं झोपलेलं रूप, उकळीतही मरत नाहीत. थर्मामीटर आजच घे. अंदाजावर माझा विश्वास नाही, तुझ्याही नाही. आक्रोड, बदाम, दूध, गहू यांची काहींना ॲलर्जी असते, म्हणून ते ज्यात असेल त्या डब्यावर तसं ठळक छाप.

फोटोंचं नंतर बघू. रविवारपर्यंत मला ८ नावं पाठव, आणि प्रत्येकापुढे झाकण किती वाजता लावलंस, किती वाजता उघडलंस, आत काय तापमान होतं आणि पहिला घास कसा लागला ते लिही. फ्लॉवर ठेवायचा असेल तर खुशाल ठेव. पण त्याच्यापुढची जागा रिकामी दिसली तर मी पुढचं वाचणार नाही.

तुझी,
मावशी